चौथा भाग मागा!

रमजान लागला की माझ्या फोनवर ठरलेले व्हिडिओ यायला लागतात. तंदूरवाला रोटीवर थुंकतोय असा दावा, फळवाला फळांना काहीतरी चोळतोय असा दावा, कुठल्या तरी गोदामात पिवळ्या डब्यांचे ढीग आणि मागे भयपटाचं संगीत. दिवाळीच्या तोंडावर असेच व्हिडिओ खव्याचे आणि पनीरचे येतात. व्हिडिओ कुठला, कधीचा, पुढे काय झालं, हे कधीच कळत नाही. आपल्या ग्रुपवर त्यावर दोनच उत्तरं पडतात. कुणी म्हणतं, "हे सगळं आपल्याला बदनाम करायला चाललंय." कुणी म्हणतं, "आपले लोकही काही कमी नाहीत." दोघांनाही मी एकच विचारतो: नमुना घेतला होता का?

हा प्रश्न टाकला की ग्रुप थंड पडतो. वकिली प्रश्न वाटतो ना, म्हणून. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दूधवाले, बेकरीवाले, किराणावाले, पानटपरीवाले, मसाला दळणारे माझ्याकडे येतात, त्यांत सगळ्या जातिधर्मांचे असतात. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते आज भांडून सांगणार आहे. अन्नातल्या भेसळीच्या प्रकरणात नमुना घेण्याचे आणि तपासण्याचे नियम म्हणजे वकिलांची पळवाट नव्हे. अफवा आणि पुरावा यांच्यामध्ये उभी असलेली ती एकमेव भिंत आहे. आणि ज्या समाजाबद्दल अफवा सर्वांत लवकर खरी मानली जाते, त्या समाजाच्या तरुणांनी तर ते नियम पाठ करायला हवेत. फॅट मोजणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही. पण यंत्रापर्यंत माल नीट पोचला पाहिजे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कायदा आहे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६. तो ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे लागू झाला आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. त्याचं कलम ४७ प्रत्येक दुकानदाराने गल्ल्यावर चिकटवून ठेवावं असं आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आला आणि त्याला नमुना घ्यायचा असेल, तर त्याने आधी लेखी नोटीस द्यायची की हा माल मी तपासणीसाठी घेतोय. मालाची नेहमीची किंमत मोजायची, फुकट उचलायचा नाही. साक्षीदार बोलवायचा. मग तुमच्यासमोर नमुन्याचे चार भाग करायचे. प्रत्येक भाग वेगळ्या, स्वच्छ, कोरड्या बाटलीत किंवा बरणीत भरायचा, लेबल लावायचं, सील करायचं आणि त्यावर तुमची सही किंवा अंगठा घ्यायचा. तुम्ही सही नाकारली तर साक्षीदाराची घ्यायची.

एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या ताब्यात सुरक्षित राहतात. आणि चौथा भाग? तो तुमचा आहे. तुम्ही मागणी केलीत तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणीला पाठवावाच लागतो. सरकारी विश्लेषकाचा अहवाल एक सांगतो आणि या प्रयोगशाळेचा दुसरं सांगतो असं झालं, तर राखून ठेवलेल्या भागांपैकी एक निर्देश प्रयोगशाळेकडे जातो (म्हैसूरची सीएफटीआरआय ही त्यांतली एक) आणि तिचा निकाल अंतिम.

ही मांडणी फार शहाणी आहे. सरकारने म्हटलं म्हणून खरं नाही, दुकानदाराने म्हटलं म्हणूनही नाही, तिसऱ्याने तपासून सांगितलं तर खरं. पण कलमातले तीन शब्द दुकानदाराला बुडवतात: "मागणी केली तर". चौथा भाग आपोआप कुठे जात नाही. तो मागावा लागतो, तपासणीचा खर्च सोसावा लागतो. माझ्याकडे आलेल्या लोकांपैकी नमुना घेतानाच ही मागणी लेखी करणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके आहेत. बाकीच्यांना चौथा भाग असतो हेच ठाऊक नव्हतं.

माझे एक पक्षकार आहेत, साठी ओलांडलेले, दूध-दह्याची छोटी डेअरी. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. अधिकारी आले तेव्हा कॅनमधलं दूध तासभर तसंच उभं होतं. ते न ढवळता खालच्या तोटीतून नमुना काढला गेला. शाळेत शिकलेली गोष्ट आहे, उभ्या दुधात साय वर येते. खालून काढलं तर फॅट कमी भरणारच. म्हणून नमुना घेण्याआधी माल एकजीव करणं हा सोपस्कार नाही, नमुना "त्या दुधाचा" आहे की नाही हे त्यावर ठरतं. चाचांनी दाखवलं तिथे सह्या केल्या, चहा पाजला. काही महिन्यांनी पाकीट आलं: दूध कमी दर्जाचं. ते पाकीट त्यांनी हिशेबाच्या वहीत ठेवून दिलं. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. माझ्याकडे ते आले तेव्हा ३० दिवस कधीच उलटले होते. दंड भरला. मला म्हणाले, "वकीलसाहेब, पाणी नव्हतं घातलं. सही घातली."

दुधाच्या नमुन्याचं आणखी एक. दूध टिकावं म्हणून नमुन्याच्या बाटलीत ठरलेल्या मापाने फॉर्मालिन टाकायचा नियम आहे. विकायच्या दुधात कुणी फॉर्मालिन टाकलं तर तो गुन्हा, आणि नमुन्यात नाही टाकलं तर नमुना नासतो. टाकलं का, किती टाकलं, हे लेबलवर लिहायचं असतं. ज्या लेबलावर ते लिहिलेलं नाही, त्या बाटलीत प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात काय झालं, हे कोण सांगणार?

प्रवासाचेही नियम आहेत. नमुना घेतल्याच्या पुढच्याच कामाच्या दिवशी तो विश्लेषकाकडे रवाना व्हायला हवा. सीलचा ठसा वेगळा पाठवायचा, म्हणजे विश्लेषकाला बाटलीवरचं सील आणि तो ठसा ताडून पाहता येईल. ताडून पाहिल्याची नोंद करणं हे त्याचं कायद्याने ठरवलेलं पहिलं काम आहे. नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल. नाही जमलं तर कारण आणि नवी मुदत कळवायची. गुन्हा घडल्यापासून एका वर्षानंतर न्यायालयाला दखल घेता येत नाही. आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तरच ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत जाते.

आता कुणी म्हणेल, आणि टीव्हीवरचे निवेदक रोज म्हणतात, की लोकांच्या ताटात विष कालवणाऱ्यांना हे कसले चोचले? तारखा, सील, ठसे या तांत्रिक बाबींवर गुन्हेगार सुटतात. सुटतात, हे मला मान्य आहे. पण ते सुटतात कुणामुळे? सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये दिल्ली महापालिका विरुद्ध घिसाराम या खटल्यात हे नीट सांगून ठेवलंय. प्रकरण दह्याचं. जुन्या कायद्यात आरोपीला आपल्याकडचा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवून फेरतपासणी करून घेण्याचा हक्क होता. सरकारने खटला दाखल करायलाच इतका उशीर केला की तोवर दही पूर्ण नासलं, केंद्रीय प्रयोगशाळेला काही सांगता येईना. कोर्ट म्हणालं, हा हक्क मोलाचा आहे, सरकारच्या दिरंगाईने तो निरुपयोगी झाला असेल तर शिक्षा टिकत नाही. नीट वाचा: कोर्टाने दही चांगलं होतं असं म्हटलेलं नाही. दही कसं होतं हे जाणून घेण्याचा मार्गच सरकारने बंद केला, असं म्हटलंय. तिथे घिसाराम सुटला याचं खापर नियमावर फोडायचं की खटला अडवून बसलेल्यांवर?

आणि कोर्टं सरसकट आरोपीच्या बाजूने झुकतात हाही गैरसमज. केरळ सरकार विरुद्ध अलासेरी मुहम्मद या १९७८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नमुना ठरलेल्या वजनापेक्षा थोडा कमी घेतला, पण तपासणीला पुरेसा होता, तर तेवढ्यावरून आरोपी सुटणार नाही. त्याआधी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात कोर्टाने उलट म्हटलं होतं, ते बदललं. १९९४ च्या टी. व्ही. उस्मान प्रकरणात म्हटलं, अहवालाला मुदतीपेक्षा उशीर झाला एवढंच पुरेसं नाही, त्या उशिराने आरोपीचं खरं नुकसान झालं का ते बघू. दुसरीकडे २०२१ मध्ये नारायण प्रसाद साहू प्रकरणात कोर्टाने आरोपीची शिक्षा रद्द केली, कारण विश्लेषकाचा अहवाल त्याला मिळाला हे सिद्धच झालं नव्हतं. टपालात टाकला एवढं पुरत नाही. म्हणजे रेघ कुठे आहे ती दिसते. ज्या नियमाने आरोपीला स्वतःचा बचाव करता येतो, तो पाळलाच पाहिजे. बाकीचे नियम शक्य तितके पाळा. यात चोचले कुठे आले?

हा हक्क इतका मोलाचा का, तेही समजून घ्या. खून, चोरी यांत हेतू सिद्ध करावा लागतो. अन्नाच्या कायद्यात साधारणपणे लागत नाही. १९७४ चा प्याराली तेजानी खटला महाराष्ट्रातलाच, सुगंधी सुपारीचा. सुपारीत बंदी असलेली कृत्रिम गोडी सापडली. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, सुपारी हे अन्नच आहे, आणि विकणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहायची गरज नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. लहान मुलाच्या पोटात रंग जातो तेव्हा विकणाऱ्याचा हेतू त्या पोटाला कळत नाही. पण मग उलटी बाजूही आली: हेतूचा बचाव काढून घेतल्यावर दुकानदाराच्या हातात उरतं काय? मालाच्या खरेदीचं बिल, त्यावरची पुरवठादाराची हमी, आणि तो नमुना. यातलाही नमुना सदोष असेल तर त्याला तुम्ही हात बांधून कठड्यात उभं केलंत.

आता श्रीमंतांची गोष्ट ऐका. २०१५ चा उन्हाळा आठवतो का? मॅगी. जूनमध्ये देशभर बंदी आली, शिसं जास्त सापडलं म्हणून. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली आणि १३ ऑगस्ट २०१५ रोजी हायकोर्टाने बंदीचे आदेश रद्द केले. का? कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नाही, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त आणि अधिसूचित नव्हत्या. कोर्टाने हैदराबाद, मोहाली आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली. नमुने पास झाले. नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात. तेव्हा कुणी निवेदक ओरडला नाही की ही तांत्रिक पळवाट आहे. उलट आम्ही सगळे पाकिटं आणायला धावलो, मीही. मग भिवंडीच्या बेकरीवाल्याने तोच प्रश्न विचारला, की माझा रस्क ज्या प्रयोगशाळेत तपासला तिला त्या चाचणीची मान्यता आहे का, तर तो पळपुटा कसा? कलम ४३ दोघांना एकच आहे. फरक एवढाच की एकाकडे हायकोर्टात उभे राहणारे ज्येष्ठ वकील होते आणि दुसऱ्याला कलम ४३ आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

वर्तमानपत्रांचं काय सांगू. "भेसळयुक्त खवा जप्त" असा मथळा छाप्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. विश्लेषकाला कायद्यानेच १४ दिवस आहेत, मग भेसळयुक्त हे पत्रकाराला एका रात्रीत कुठून कळलं? छाप्याच्या जागी फिरत्या गाडीत किंवा पट्टीवर केलेली झटपट चाचणी ही चाळणी असते, संशयित माल ओळखायला. खटला तिच्यावर उभा राहत नाही. आणि "भेसळ" या एका शब्दात कायद्याच्या तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. माल कमी दर्जाचा असेल, म्हणजे फॅट कमी भरलं वगैरे, तर पाच लाखांपर्यंत दंड. मिथ्याछाप असेल, म्हणजे लेबल खोटं किंवा अपुरं, तर तीन लाखांपर्यंत दंड. ही दोन्ही प्रकरणं न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतात, यांत तुरुंग नाही. असुरक्षित अन्न असेल, जसं मिठाईत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग, तर तुरुंग. इजा झाली नसेल तर आता तीन महिन्यांपर्यंत, कुणाचा जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत. लेबलवर तारीख नीट छापली नाही म्हणून दंड झालेल्या माणसाची आणि मुलांना विषारी रंग खाऊ घालणाऱ्याची बातमी एकाच मथळ्याने यावी? आणि पहिल्याचा अहवाल शेवटी निर्दोष आला तर ती बातमी कुठल्या पानावर छापता, तेवढं सांगा.

इथवरचं सगळ्यांना लागू आहे. आता आपल्याकडे जास्त चटके देणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, पोलीस. अन्न सुरक्षा कायद्यात नमुना, चार भाग, विश्लेषक, अपील असं सगळं आहे. पण गुटख्याच्या आणि इतरही प्रकरणांत पोलीस थेट दंड संहितेची कलमं लावतात. भेसळीची कलमं २७२-२७३ होती, आता न्याय संहितेत २७४-२७५. ती किरकोळ म्हणून जोडीला विष देण्याचं जुनं ३२८, आताचं १२३ लावायचं. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि ते अजामीनपात्र, म्हणजे टपरीवाला आधी आत, नमुन्याचं नंतर बघू. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच गुटखा प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने म्हटलं की दोन्ही कायद्यांखाली खटला चालू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात मात्र कोर्टाने अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८९ कडे लक्ष वेधलं: हा कायदा वरचढ आहे, त्याचं कलम ५९ लागू होत असेल तर दंड संहितेची २७२-२७३ सोबत चालवता येणार नाहीत. आधीच्या निकालात या कलम ८९ चा विचार झाला नव्हता, हेही त्यात नमूद आहे. हा निकाल वकील मित्रांनी खिशात ठेवावा. गुटख्याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही, त्याने आपल्या मोहल्ल्यांतली तोंडं सडवली आहेत. पण टपरीवाल्याला विषप्रयोग करणारा ठरवून कोठडीत टाकायचं आणि ज्याच्या कारखान्यातून पोती निघाली त्याचं नाव आरोपपत्रात "फरार पुरवठादार" एवढंच, याला भेसळविरोधी मोहीम म्हणायला मी तयार नाही.

दुसरी गोष्ट मांसाची. इथे दुधाला मिळणारं संरक्षणसुद्धा नाही. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याखाली गाय, बैल, वळू यांची कत्तल हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे; म्हशीला परवानगीने सूट आहे. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर येतो: हे मांस कोणत्या जनावराचं? डोळ्यांनी किंवा वासाने ते ठरत नाही, डीएनए तपासणी लागते. पण या कायद्यात कलम ४७ सारखी चार भागांची पद्धत नाही. ज्याच्याकडून माल जप्त झाला त्याच्यासाठी राखलेला भाग नाही, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जायचा ठरलेला रस्ता नाही. पोलीस पंचनामा करतात, नमुना जातो, आणि अहवाल येईपर्यंत गाडी, माल, माणूस सगळं अडकलेलं. मूळ दुरुस्तीत तर निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं असं कलम ९ब होतं. ६ मे २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, आणि राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा मानणारं कलम ५ड ही. सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं.

२०१५ ला दादरीत जमावाने एका घरात घुसून माणूस मारला. मग मांसाचा नमुना तपासला. स्थानिक पशुवैद्यकाच्या प्राथमिक अहवालात ते शेळी-मेंढीचं असल्याचं म्हटलं, पुढे मथुरेच्या प्रयोगशाळेने गाय किंवा तिच्या वंशाचं म्हटलं. मग देशभर वाद सुरू झाला, नमुना घरातून घेतला की बाहेरून, सील कुणी केलं, वाटेत काय झालं. त्या वादात भाग घेणाऱ्या आपल्याही लोकांचा मला राग येतो. अहवाल काहीही आला असता तरी खून खूनच होता. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातच, धावत्या रेल्वेत एका वृद्ध प्रवाशाला त्याच्या डब्यातल्या मांसावरून पोरांनी मारलं. त्यांनी डबा उघडला आणि निकाल दिला. हा कुठला विश्लेषक, कुठला ठसा? माझी मागणी साधी आहे: मांसाच्या नमुन्यालाही चार भाग द्या. दुकानातल्या दह्याला जो न्याय आहे, तो डब्यातल्या मांसाला द्यायला कुणाची हरकत असावी? ज्यांना खरोखर कायदा राबवायचाय त्यांची तर नसावीच.

आता आपल्या घरात येऊ, कारण हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. आपल्यातही भेसळ करणारे आहेत. मिरचीत रंग, चहात वापरलेली वाळवलेली पत्ती, ईदच्या खव्यात स्टार्च, हलालची पाटी लावून कुठलंही तेल. पकडले गेले की हेच लोक आधी जमातीच्या अध्यक्षांकडे धावतात: "आपल्याला टार्गेट करतायत." आणि अध्यक्ष निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत. मी अशा एका निवेदनावर सही करायला नकार दिला होता आणि त्याचा राग अजून लोकांच्या मनात आहे. असू दे. ज्यांनी तिथे सह्या केल्या त्यांच्यापैकी एकानेही विश्लेषकाचा अहवाल मागून वाचला नव्हता.

आपल्याकडे तर याची परंपरा फार जुनी आहे. प्रेषित मुहंमद (स.) बाजारातून जात होते तेव्हाची गोष्ट तुम्ही मदरशात ऐकली असेल. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पाऊस लागला. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असं विचारून त्यांनी फसवणाऱ्याला आपल्यातला मानायला नकार दिला. मौलाना ही गोष्ट सांगताना शेवटच्या वाक्यावर जोर देतात, आणि तो योग्यच आहे. माझ्यातला वकील मात्र आधीच्या कृतीवर थांबतो. वरवर न बघता ढिगाच्या आतून तपासलं. विक्रेत्याच्या समोर तपासलं. त्याचं म्हणणं विचारलं, ऐकून घेतलं, आणि मगच बोलले. ज्यांना दुकानदाराचं काही न ऐकता निकाल हवाय आणि ज्यांना आपला माणूस म्हणून ढिगात हातच घालू द्यायचा नाही, दोघांनीही ही गोष्ट अर्धीच ऐकलीय.

तेव्हा दुकानात बसणाऱ्या भावांनो, बहिणींनो: अधिकारी आला तर दार अडवू नका, हुज्जत घालू नका, अडथळा आणणं हा वेगळा गुन्हा आहे. "काहीतरी देऊन मिटवा" असं सांगणाऱ्या शेजाऱ्याला बाहेर बसवा. मिटवलेला नमुना पुढच्या ईदला पुन्हा येतो आणि भाव वाढवून येतो. ओळखपत्र बघा. माल ढवळून नमुना घ्या असं नम्रपणे सांगा. कोऱ्या कागदावर सही नाही. नोटिशीची प्रत घ्या आणि तिच्यावरच लिहा, की चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा, खर्च मी देईन. मोबाइलवर बाटल्यांच्या सीलचे फोटो काढा. पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा, ३० दिवस मोजायला लागा. अधिकाऱ्याने मुद्दाम छळायला जप्ती केली तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे कलम ३९ आहे. पण तक्रार खोटी निघाली तर तक्रारदाराला किमान ५० हजारांचा दंड आहे, म्हणून रागाच्या भरात अर्ज खरडू नका.

आणि जे दुकानात बसत नाहीत, नुसतं खातात, त्यांनाही कलम ४० आहे. कोणीही ग्राहक विकत घेतलेला माल फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. १४ दिवसांत अहवाल, आणि माल सदोष निघाला तर फी परत, पुढची कारवाई प्रशासनाने करायची. रील बनवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा हे थोडं किचकट आहे, कबूल. पण गल्लीतल्या एखाद्या पनीरवाल्यावर खरंच संशय असेल तर चार मित्रांनी वर्गणी काढून हे करा. तो मुसलमान असला तरी करा, नसला तरी करा.

शेवटचं काम कॉलेजातल्या मुलामुलींसाठी. आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या आर्थिक वर्षात किती नमुने घेतले; किती अहवाल १४ दिवसांत आले; किती नमुने कमी दर्जाचे, किती मिथ्याछाप, किती असुरक्षित निघाले; किती प्रकरणांत चौथा भाग पाठवला गेला; मोठ्या उत्पादकांचे नमुने किती आणि किरकोळ दुकानदारांचे किती. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, एवढे प्रश्न त्यात बसतात, मी मोजून पाहिलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की मासिकाकडे पाठवा, जिल्हावार छापू.